वासावरून झडती: बॉस्टनचं क्रूझ प्रकरण

२४ जून २००९. बॉस्टनच्या जमैका प्लेन भागातल्या हाइड स्क्वेअर परिसरात दोन पोलीस गस्त घालत होते. अंगावर साधे कपडे, गाडीही बिनखुणेची. सनीसाइड स्ट्रीट नावाच्या वस्तीतल्या रस्त्यावर वळल्यावर त्यांना एक मोटार दिसली. ती फायर हायड्रंटसमोर उभी होती, म्हणजे जिथे गाडी लावायला सक्त मनाई तिथेच. काचा खाली केलेल्या. चालकाच्या जागेवरचा तरुण एक छोटा, स्वस्तातला सिगार पेटवत होता. असले सिगार गांजाचा वास दडवायला वापरतात, हे पोलिसांना अनुभवानं ठाऊक होतं.

दोघं उतरून गाडीपाशी गेले. चालकाच्या बाजूला असलेल्याला जळलेल्या गांजाचा पुसटसा वास आला. पुसटसा, हा शब्द लक्षात ठेवायचा. चालक बावरलेला दिसत होता. गांजा ओढलास का, असं विचारल्यावर तो म्हणाला, मघाशी ओढला होता. शेजारच्या सीटवर बसलेला माणूसही अस्वस्थ होता, पोलिसांच्या नजरेला नजर देत नव्हता. पोलिसांनी कुमक मागवली आणि दोघांनाही गाडीतून उतरायला सांगितलं. शेजारच्या सीटवरचा माणूस उतरल्यावर त्याला विचारलं, अंगावर काही आहे का? तो म्हणाला, थोडासा खडा आहे, माझ्यापुरता. ‘खडा’ म्हणजे क्रॅक कोकेन. त्याच्या खिशातून सुमारे ४ ग्रॅम क्रॅक निघालं.

खटला उभा राहिला तो ह्या माणसावर, म्हणजे क्रूझवर, आणि तोही गांजाचा नव्हे, विकण्याच्या हेतूनं कोकेन बाळगल्याचा. शाळेच्या परिसरात हे घडलं म्हणून त्याची वाढीव कलमं. कबुली आहे, मुद्देमाल आहे, साक्षीदार म्हणून दोन पोलीस आहेत. आपल्याकडे कुठल्याही सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात हे सांगितलं तर दहातले नऊ वकील म्हणतील की शिक्षेबद्दल बोला, बाकी काही उरलेलं नाही.

प्रत्यक्षात खटला चाललाच नाही त्या पुराव्यावर. खालच्या कोर्टानं कोकेन आणि कबुली दोन्ही पुराव्यातून वगळली. सरकार वर गेलं. १९ एप्रिल २०११ ला मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बॉस्टन ज्या राज्यात आहे त्याच्या, सर्वोच्च न्यायालयानं, तिकडच्या भाषेत सुप्रीम ज्युडिशियल कोर्टानं, ‘कॉमनवेल्थ (म्हणजे राज्य सरकार) विरुद्ध क्रूझ’ ह्या नावानं निकाल दिला आणि खालच्या कोर्टाचा हुकूम कायम ठेवला. निकालपत्र मुख्य न्यायमूर्ती रॉडरिक आयर्लंड यांनी लिहिलं. वेगळं मत फक्त एकाच न्यायमूर्तींचं, जुडिथ काविन यांचं.

असं का झालं, ते कळायला त्या जूनमधल्या प्रसंगाच्या सात-आठ महिने मागं जावं लागतं.

एक औंस आणि शंभर डॉलर

४ नोव्हेंबर २००८ ला अमेरिकेत बराक ओबामा निवडून आले, त्याच दिवशी मॅसॅच्युसेट्सच्या मतपत्रिकेवर ‘प्रश्न क्रमांक २’ होता. एक औंसापर्यंत, म्हणजे साधारण २८ ग्रॅमपर्यंत, गांजा बाळगणं हा फौजदारी गुन्हा न ठेवता दिवाणी स्वरूपाचा कसूर मानावा का? सुमारे ६५ टक्के मतदारांनी हो म्हटलं. २ जानेवारी २००९ पासून कायदा लागू झाला. सज्ञान माणसाकडे एक औंसाच्या आत गांजा सापडला तर १०० डॉलर दंड आणि माल जप्त. अटक नाही, खटला नाही, नावावर गुन्ह्याची नोंद नाही. १८ वर्षांखालच्यांना त्याखेरीज व्यसनाबद्दलच्या जागृती-वर्गाला बसावं लागे.

वर्तमानपत्रं ह्याला ‘निर्गुन्हेगारीकरण’ म्हणतात. शब्द उच्चारतानाच दमछाक होते, पण त्याहून मोठी अडचण ही की तो ऐकून लोकांना वाटतं गांजा मोकळा झाला. तसं नव्हतं. २००९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये गांजा बाळगणं बेकायदेशीरच होतं, सापडला तर काढून घेतला जात होता. बदललं होतं एवढंच की छोट्या मापातला गांजा फौजदारीच्या रजिस्टरातून निघून पावती-पुस्तकात गेला. एक औंसाच्या वर बाळगणं, विकणं, नशेत गाडी चालवणं हे सगळं गुन्ह्यातच राहिलं.

कायद्याच्या ह्या रचनेत एक गंमत आहे. जप्तीचा अधिकार पोलिसांकडे राहिला. समोर दिसणारी पुडी ते उचलू शकत होते. झडतीचं काय, म्हणजे न दिसणारी पुडी शोधायला खिशात हात घालता येईल का, ह्याबद्दल मात्र कायद्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. मतदारांनी दंडाची रक्कम ठरवली, पोलिसांच्या हातांचं काय करायचं ते न्यायालयावर सोडलं. सनीसाइड स्ट्रीटवरचा प्रसंग कायदा लागू झाल्यावर सहा महिन्यांच्या आत घडला.

‘उतरा’ ह्या शब्दापाशी थांबलेला खटला

निकालपत्र वाचताना पहिल्यांदा चकवा बसतो तो इथे. आपण कोकेनकडे बघत असतो आणि न्यायाधीश बघत असतात ‘गाडीतून उतरा’ ह्या हुकुमाकडे. त्यांचं म्हणणं सरळ आहे: हा हुकूम वैध असेल तर पुढचा प्रश्न, कबुली, कोकेन सगळं वैध. हुकूमच अवैध असेल तर त्यातून पुढे जे हाती आलं ते सगळं गेलं. विषारी झाडाची फळं, असं तिकडे म्हणतात.

अमेरिकेच्या इतर बऱ्याच राज्यांत इथपर्यंत मजल गेलीच नसती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७७ सालच्या ‘पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स’ निकालात सांगून टाकलंय की वाहतुकीच्या कसुरासाठी गाडी रीतसर थांबवली असेल तर चालकाला उतरवायला पोलिसाला वेगळं कारण लागत नाही. पण एखाद्या राज्याची स्वतःची घटना आपल्या नागरिकांना केंद्रीय घटनेपेक्षा जास्त संरक्षण देऊ शकते, आणि मॅसॅच्युसेट्सची देते. तिथल्या घटनेतलं झडतीबद्दलचं कलम १४ हे १७८० सालचं, केंद्रीय घटनेतल्या त्याच विषयावरच्या चौथ्या दुरुस्तीपेक्षा अकरा वर्षांनी जुनं. त्याची मुळं तर त्याच्याही मागे जातात. १७६१ साली ह्याच बॉस्टन शहरात जेम्स ओटिस नावाचा वकील इंग्रजांच्या जकात अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या सरसकट झडती-परवान्यांविरुद्ध तासन्‌तास बोलला होता. कुणाच्याही घरात, केव्हाही, कशासाठीही घुसायची मुभा देणारे ते परवाने. बॉस्टनच्या न्यायालयात झडतीचा विषय निघाला की हा इतिहास कुठेतरी मागे उभा असतो.

तर मॅसॅच्युसेट्समध्ये गाडीतल्या माणसाला उतरवायला तीनांपैकी एक तरी कारण लागतं. एक, पोलिसाला स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाची रास्त भीती. दोन, काहीतरी गुन्हा घडतोय असा वाजवी संशय, जो ठोस गोष्टींवर उभा असेल. तीन, गाडीचीच झडती घ्यायला सबळ कारण, त्यासाठी माणसांना बाहेर काढणं भाग.

पहिलं कारण लगेच निकालात निघालं. लपवाछपवीची हालचाल नाही, हत्याराचा मागमूस नाही. बावरलेपण होतं, पण दोन पोलीस खिडकीशी वाकले की कोण बावरत नाही?

दुसऱ्या कारणापाशी प्रकरण रंगतं. जळलेल्या गांजाचा वास आला म्हणजे गांजा जवळपास आहे किंवा होता, हे न्यायालयानं नाकारलं नाही. प्रश्न असा होता की त्यावरून ‘गुन्हा’ दिसतो का? जानेवारी २००९ च्या आधी उत्तर सोपं होतं. गांजा कितीही असो, गुन्हाच होता. म्हणून वास म्हणजे गांजा, गांजा म्हणजे गुन्हा, ही साखळी एका दमात पुरी व्हायची. नव्या कायद्यानं त्यातली दुसरी कडी काढून घेतली. आता वास म्हणजे गांजा, आणि गांजा म्हणजे कदाचित १०० डॉलरची पावती, कदाचित गुन्हा. कोणतं ते वजनावर. एका विडीत जेमतेम अर्धा-एक ग्रॅम माल असतो आणि औंसाच्या मर्यादेत तशा कित्येक विड्या बसतात. पुसटशा वासावरून २८ ग्रॅमच्या अलीकडे की पलीकडे हे सांगणारं नाक अजून जन्माला यायचंय.

आयर्लंड यांनी ह्याला मतदारांच्या इच्छेची जोड दिली. निकालपत्रातलं सर्वांत जास्त उद्धृत होणारं वाक्य तेच आहे. त्याचा आशय असा: जे वर्तन लोकांनी फौजदारीतून काढलं ते गंभीर गुन्ह्याच्या मागे लागावं तशा हिरिरीनं खणून काढणं लोकांनाही नको आहे आणि कायद्याच्या शब्दांतही बसत नाही. विक्रीचा संशय यावा असं काही दिसलं नव्हतं, पैशांची देवाणघेवाण नव्हती. गाडी तर जागेवर उभी होती.

तिसरं कारण मोटारीच्या झडतीचं. ‘मोटारीचा अपवाद’ हा अमेरिकेत १९२५ सालच्या ‘कॅरल’ निकालापासून चालत आलाय. तेव्हा देशभर दारूबंदी होती, मिशिगनमध्ये एका गाडीच्या गादीत लपवलेल्या दारूच्या बाटल्या सापडल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मोटार पळून जाऊ शकते, त्यामुळे सबळ कारण असेल तर वॉरंटसाठी थांबायची गरज नाही. दारूबंदी आठ वर्षांत उठली, अपवाद शंभर वर्षं झाली तरी जागचा हललेला नाही. क्रूझ प्रकरणात न्यायालयानं तो उलटा फिरवून बघितला. समजा पोलीस दंडाधिकाऱ्याकडे वॉरंट मागायला गेले असते आणि म्हणाले असते, साहेब, शंभर डॉलर दंडाच्या कसुराचा वास आला, गाडी तपासायची आहे. दंडाधिकाऱ्यानं वॉरंट दिलं असतं? वॉरंट गुन्ह्याच्या पुराव्यासाठी असतं. जिथे वॉरंट मिळालं नसतं तिथे बिनवॉरंटाची झडती कशी चालेल?

काविन यांचं म्हणणं

ह्या निकालावर लिहिणारे बरेच जण भिन्नमत एका ओळीत उरकतात. ते बरोबर नाही. काविन यांचा मुद्दा पोकळ नव्हता. थोडा गांजा बाळगणं गुन्हा राहिला नाही हे मान्य, पण गांजाशी जोडलेले बाकीचे गुन्हे तसेच आहेत. औंसाच्या वर बाळगणं, विक्री, लागवड. गांजाचा वास हा त्या गुन्ह्यांच्या शक्यतेकडेही बोट दाखवतो, आणि वाजवी संशयाला खात्री कधीच लागत नसते, शक्यता पुरते. शिवाय माल अजूनही बेकायदेशीरच आहे. पोलिसानं नाक धरून निघून जायचं का?

मला बहुमत पटतं, पण काविन यांना दिलेलं उत्तर तर्कापेक्षा अंतरावर उभं आहे असंही वाटतं. संशयाचा दोर किती लांब ताणायचा हा प्रश्न आहे. प्रत्येक मोठा गुन्हा एखाद्या छोट्या कसुराच्या शेजारीच राहतो. सुसाट चालवणाऱ्या गाडीत चोरीचा माल असू शकतो, म्हणून वेगाच्या पावतीबरोबर डिकी उघडायला लावत नाहीत. शक्यता आहे एवढ्यावर झडती द्यायची तर मतदारांनी फौजदारीतून काढलेली गोष्ट झडतीच्या दारानं परत आत आली, आणि ती आली ती बहुधा कुठल्या वस्त्यांत आली असती हे बॉस्टनमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी फौजदारी कोर्टात उठबस असलेल्या माणसाला चटकन जाणवते. वास हा विचित्र पुरावा आहे. त्याचा पंचनामा होत नाही. लाखेची मोहर लावून तो पाकिटात ठेवता येत नाही, प्रयोगशाळेकडे पाठवता येत नाही, सहा महिन्यांनी कोर्टात आरोपीला दाखवता येत नाही. पोलीस म्हणतो आला, म्हणून आला. झडतीत काही सापडलं तर वास खरा ठरतो. काही सापडलं नाही तर ती झडती कुठल्याच कोर्टात येत नाही, त्यामुळे नाक किती वेळा चुकलं ह्याचा हिशेबच राहत नाही. क्रूझमधल्या पोलिसांनी वास ‘पुसटसा’ होता असं सांगितलं, हा त्यांचा प्रामाणिकपणाच म्हणायचा.

हाच पेच मुंबईत, सत्तावन्न वर्षं आधी

बॉस्टनचा निकाल वाचताना मला राहून राहून कुलाब्याची आठवण येत होती. १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदा. २५ मे १९५१ ला भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं बलसारा प्रकरणात त्या कायद्यातला एक तुकडा रद्द केला: अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं ह्यांवरची बंदी गेली. अवघ्या चार दिवसांनी, २९ मे च्या रात्री, कुलाब्याच्या बसस्टँडकडे जाणाऱ्या एका जीपनं तिघांना उडवलं. चालवणारे गृहस्थ स्वतः वाहतूक खात्यातले अधिकारी. इस्पितळात डॉक्टरांना त्यांच्या श्वासाला अल्कोहोलचा वास आला. बोलणं मात्र सुसंगत होतं, सरळ रेषेत चालून दाखवलं. त्यांचं म्हणणं, आपण बी. जी. फॉस नावाचं अल्कोहोल असलेलं टॉनिक घेतलं होतं. मॅजिस्ट्रेटनं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरलं, आणि १९५४ साली ‘पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य’ ह्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तर्क असा की औषधी अल्कोहोल घेणं गुन्हा उरला नसेल तर नुसत्या वासावरून निषिद्ध दारूच घेतली हे सिद्ध होत नाही, आणि ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची.

तिथे प्रश्न दोषसिद्धीचा होता, झडतीचा नव्हता. पण बांधणी हुबेहूब तीच. कायदा एखाद्या पदार्थाचे दोन भाग करतो, एक गुन्ह्यातला, एक गुन्ह्याबाहेरचा, आणि वास दोन्हीचा एकच.

झडती बेकायदा ठरली तर माल पुराव्यातून जातो, ही अमेरिकेची रीत मात्र आपली नाही. डिसेंबर १९७३ च्या पूरणमल निकालापासून आपल्याकडे सर्वसाधारण नियम उलटा आहे: झडतीत खोट असली तरी सापडलेला पुरावा त्या कारणानं बाद होत नाही. अंमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ५०, ज्यात अंगझडतीआधी माणसाला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याचा हक्क सांगावा लागतो, तेवढं त्याला मोठा अपवाद. म्हणून क्रूझचा निकाल आपल्याकडच्या वाचकाला अंगावर येतो. चार ग्रॅम क्रॅक हातात असताना सोडून दिलं?

सोडून दिलं. आणि ते टोचतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पुढे तिथे काय काय झालं

क्रूझनंतर सरकारी वकिलांनी एकेक खिडकी चाचपून पाहिली. जळलेला वास नको तर न जळलेल्या, कच्च्या गांजाचा वास चालेल का? त्यात माल अजून शिल्लक असल्याचं तरी निश्चित. २०१४ च्या ‘ओव्हरमायर’ प्रकरणात पिट्सफील्डमध्ये अपघातानंतर पोलिसांना गाडीतून अगदी दाट वास आला होता. न्यायालय म्हणालं, दाट आणि विरळ हे ज्याच्या त्याच्या नाकावर आहे, त्यावरून औंस मोजता येत नाही. त्याच दिवशीच्या ‘क्रान’ निकालात, डॉर्चेस्टरमधल्या नाकाबंदीच्या प्रकरणात, केंद्रीय कायद्याचा मुद्दा आला. गांजा केंद्रीय कायद्यानं अजूनही गुन्हा आहे, मग त्या आधारावर झडती का नको? उत्तर मिळालं की राज्यानं जो कसूर आपल्या पोलिसांच्या फौजदारी अधिकारातून काढलाय तो केंद्राचं नाव पुढे करून परत घेता येणार नाही. २०१५ च्या ‘रॉड्रिगेझ’ निकालानं आणखी एक पाऊल टाकलं: शेजारून गेलेल्या गाडीतून वास आला एवढ्यावर ती गाडी थांबवणंही बंद.

मेरीलँडनं नेमका उलटा रस्ता धरला, आणि क्रूझ समजायला हा आरसा फार उपयोगी आहे. तिथे २०१४ साली १० ग्रॅमखालचा गांजा फौजदारीतून निघाला. २०१७ साली ‘रॉबिन्सन’ प्रकरणात तिथल्या सर्वोच्च पीठासमोर बाल्टिमोरचे तीन खटले एकत्र आले. प्रश्न तोच, वास आणि मोटार. निकाल: झडती वैध. कारण मेरीलँडनं विचारलेला प्रश्न वेगळा होता. बॉस्टननं विचारलं, वासावरून गुन्हा दिसतो का? बाल्टिमोरच्या खटल्यांत विचारलं गेलं, वासावरून निषिद्ध माल दिसतो का? माल निषिद्ध तर होताच, दंड दिवाणी असो की फौजदारी. एकदा प्रश्न ठरला की उत्तर आपोआप येतं. माझ्या मते ह्या विषयावरचा सगळा वाद ह्या दोन शब्दांतला आहे, गुन्हा आणि माल. बाकीची पानं त्याचं भाष्य.

मग दोनच वर्षांनी मेरीलँडला स्वतःच्याच उत्तराला ठिगळ लावावं लागलं. व्हीटन इथे पार्किंगमध्ये उभ्या गाडीत एक माणूस, जळलेला वास, मधल्या कप्प्यावर एक विडी. पोलिसांनी त्याच्या खिशांची झडती घेतली आणि कोकेन सापडलं. जवळजवळ सनीसाइड स्ट्रीटच. २०१९ च्या ‘पाचेको’ निकालात न्यायालयानं सांगितलं की गाडीची झडती एक, माणसाच्या अंगाची झडती दुसरी. अंगाला हात लावायला आधी अटकेचं सबळ कारण हवं, आणि १० ग्रॅमखालच्या गांजाला अटक नाही. कोकेन बाद. म्हणजे डिकीत हात घालायला परवानगी, खिशात नाही. २०२२ मध्ये पुन्हा एक बारकावा: वासावरून थोडा वेळ थांबवून चौकशी करता येईल. एवढं कातणं-विणणं झाल्यावर मतदारांनी गांजा कायदेशीरच केला, आणि १ जुलै २०२३ पासून विधिमंडळानं कायद्यात लिहून टाकलं की केवळ वासावरून माणूस किंवा गाडी थांबवायची नाही, तपासायची नाही.

इलिनॉयची तऱ्हा तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे गांजा कायदेशीर आहे, पण गाडीत नेताना तो वास बाहेर न येणाऱ्या बंद डब्यात ठेवायचा असा नियम आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की जळलेल्या गांजाचा वास झडतीला पुरेसा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं ठरवलं की कच्च्या गांजाचा वास पुरेसा आहे, कारण वास आला म्हणजे डबा नियमाचा नाही. ओढलेल्याला मोकळीक, न ओढता नेणाऱ्याची झडती!

आणि कोलोरॅडोत कुत्र्यावरच पेच आला. किलो नावाचा पोलीस-कुत्रा, गांजासकट पाच अंमली पदार्थांवर शिकवलेला. गांजा कायदेशीर झाल्यावर किलो भुंकला तर नेमका कशासाठी भुंकला हे कळायला मार्ग नाही, तो काही पदार्थाचं नाव सांगत नाही. २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अशा कुत्र्याला हुंगायला लावणं हीच झडती, त्यासाठीही आधी सबळ कारण हवं.

मॅसॅच्युसेट्सनं नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदानानं गांजा पूर्ण कायदेशीर केला, दुकानं २०१८ च्या नोव्हेंबरात उघडली. क्रूझचा तर्क त्यामुळे आणखी पक्का झाला, पण पोलिसांचं लक्ष दुसरीकडे सरकलं: नशेत गाडी चालवण्याकडे. तो गुन्हा कायमच गुन्हा आहे. २०१७ च्या ‘गेरहार्ट’ निकालात प्रश्न आला की एका पायावर उभं करणं, सरळ रेषेत चालवून परत वळवणं ह्या दारूसाठी बनवलेल्या चाचण्या गांजाला लागू होतात का. न्यायालय म्हणालं, पोलीस काय दिसलं ते सांगू शकतो, पण पास-नापास म्हणू शकत नाही, कारण ह्या चाचण्या गांजाची नशा मोजतात असं शास्त्रात ठरलेलं नाही. २०१९ च्या ‘डेव्हिस’ प्रकरणात मात्र गाडी सुसाट होती, चालकाचे डोळे लाल, पेंगुळलेले, आणि गांजाचा वास. तिथे अटक वैध ठरली, गाडीची झडतीही. वास तोच, पण आता तो एकटा नव्हता.

बॉस्टन परिसरात शिकायला आणि नोकरीला गेलेल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण इथे गफलत होते. राज्याच्या पोलिसाला केंद्रीय कायद्याचा आधार नाही म्हणून केंद्रीय कायदा संपत नाही. व्हिसा आणि ग्रीन कार्डचा कारभार केंद्राकडे आहे आणि तिथे गांजा अजून निषिद्ध पदार्थ आहे. राज्याच्या कायद्यानं ज्याची पावतीही फाटत नाही, त्याची विमानतळावर सहज दिलेली कबुली नागरिक नसलेल्या माणसाला महागात पडू शकते. सनीसाइड स्ट्रीटवर ‘मघाशी ओढला होता’ ह्या वाक्यानं चालकाचं काही बिघडलं नाही. इमिग्रेशनच्या खिडकीपाशी तेच वाक्य वेगळं ऐकलं जातं.

राहता राहिला तो फायर हायड्रंट. गाडी तिथे उभी करणं हा कसूर होता, त्यासाठी खिडकीपाशी जाणं वैध होतं, त्याची पावती फाडता आली असती. पोलिसांच्या हातात त्या दिवशी तेवढंच होतं.